फुनाबोरीचा उकिरडा

सासूबाईंनी माझ्या बाळाला कचऱ्यात ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्यांना जपानात येऊन जेमतेम महिना झाला होता, आणि आमच्या गल्लीतलं कचऱ्याचं वेळापत्रक त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. थांबा, लगेच पोलिसांना फोन करू नका. सांगते सगळं, पहिल्यापासून.

आम्ही फुनाबोरीला राहतो. नवरा पुण्याच्या कंपनीतर्फे इथल्या एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो, म्हणजे सकाळी हसतमुख जातो आणि संध्याकाळी कपाळाला आठ्या घालून येतो. मी घरूनच काम करते. काय काम, ते माझ्या आईला आजतागायत कळलेलं नाही. 'आलेख काढते' म्हटलं की ती म्हणते, "एवढं शिकून?" मी एका चिमुकल्या देशाचे आलेख काढते. नकाशावर बोट ठेवलं तर अख्खा देश बोटाखाली जातो, एवढासा. डोंगर, मेंढ्या आणि थोडेफार रस्ते. तिथे जन्मलेल्या मुलांपैकी किती मुलं पहिला वाढदिवस बघत नाहीत, ते दरवर्षी मोजायचं आणि आकडा कुठल्या दिशेला चाललाय ते बघायचं. बाकीच्यांच्या ऑफिसात रेषा खाली आली की तोंडं उतरतात. आमच्याकडे रेषा खाली आली की पेढे वाटायचेच तेवढे बाकी राहतात.

आणि रेषा खाली येत होती. त्यात जादू काही नाही. लसी डोंगरावर पोचल्या, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, नाळ कापायला स्वच्छ ब्लेड आलं, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला आया शिकल्या. इतकं साधं. ज्या रेषेसाठी एवढ्या परिषदा भरतात, ती रेषा शेवटी साबणाने आणि उकळलेल्या पाण्याने खाली येते.

तिकडच्या आरोग्य खात्यात माझ्या जोडीला एक बाई आहेत. आधी नर्स होत्या, आता आकडे गोळा करतात. आमची भेट कायम लॅपटॉपच्या पडद्यावरच. मी त्यांना ताई म्हणते, आणि त्याचा अर्थ सांगितल्यापासून त्या मला हक्काने रागावतात. एकदा मी त्यांना मोठ्या कौतुकाने डोंगराळ भागाचा आलेख दाखवला. तिथली रेषा सगळ्यात झपाट्याने खाली आली होती. ताई म्हणाल्या, "पुसून टाक. खोटी आहे."

झालं होतं असं, की त्या भागात मूल चांगलं तगलंय अशी खात्री होईपर्यंत त्याचं नावच ठेवत नाहीत. आणि नाव नाही तर नोंद नाही. जे मूल त्याआधीच गेलं, ते सरकारदरबारी आलंच नव्हतं. मग गेलं तरी कसं म्हणायचं? ताई गावोगाव फिरून आयांना विनवत होत्या, बाई गं, नाव आज ठेव, निदान 'अमकीचं बाळ' म्हणून तरी सांग, पण सांग. मला हे इतकं पटलं, की मी सगळ्यांसमोर त्यावर भाषण ठोकलं. नाव लांबवणं म्हणजे मुलाला जगाच्या हिशेबातून वगळणं, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कारण त्यानंतर वर्षभरात मला मुलगा झाला आणि मी त्याचं नाव ठेवेना.

त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेव्हा चटकन सांगते. याच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती. इथेच, हा झाला त्याच हॉस्पिटलात, दिवस भरायच्या फार आधी. तान्ही मुलं सगळ्यात कमी दगावतात अशा देशांपैकी जपान एक. इथली रेषा इतकी खाली आहे की जमिनीला टेकल्यासारखी दिसते. पण टेकलेली नाही. तिच्यात आणि जमिनीत एक चिमूटभर फट आहे, आणि त्या फटीत आमची मुलगी आहे. तिचं नाव आम्ही कितीतरी आधी ठरवलं होतं. मी पोटावर हात ठेवून तिच्याशी त्या नावाने गप्पा मारायचे, भाजी चिरताना, स्टेशनवर, कुठेही. ती गेली, आणि ते नाव आमच्या घरात पुन्हा कोणी उच्चारलं नाही. नवऱ्याने नाही, बार्शीहून फोन करणाऱ्या सासूबाईंनी नाही, मी तर नाहीच. दोन वर्षं झाली.

म्हणून या वेळी मी ठरवलं, नाव नको. मी नावाने हाक मारायची आणि मागून कोणीतरी ते ऐकून त्याला न्यायला यायचं, असली भीती. मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. मी त्यावर भाषण केलेली बाई! पण कळणं आणि वळणं यात अंतर असतं. बाळाला मी 'अहो' म्हणायचे, नवरा 'छोटे साहेब' म्हणायचा. बारशाचा विषय कोणी काढला, की मला नेमकी झोप यायची.

सासूबाई मात्र मजेत होत्या. येताना डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा असं सगळं दुकानच बॅगेत भरून आणलं होतं. विमानतळावर त्या पुड्या हुंगून अधिकाऱ्याला शिंका आल्या, तर त्यालाच म्हणाल्या, "गुणाचं असतं, घे थोडं." बाळ घरी आल्या आल्या त्याला ओव्याची धुरी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा केकाटायला लागला. पण त्यांचं खरं मन जडलं ते कचऱ्यावर. जळणारा कचरा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, बाटल्या-डबे वेगळे, प्रत्येकाचा वार ठरलेला. फ्रीजवर चिकटवलेलं चित्रांचं वेळापत्रक त्यांनी दोन दिवसांत तोंडपाठ केलं. "सगळा जन्म गेला बाई, पण कचऱ्याला इतका मान कुठं बघितला नाही!"

त्यातूनच त्यांची शेजारच्या आजींशी मैत्री जमली. या आजी म्हणजे आमच्या इमारतीची दहशत. ऐंशीच्या पुढचं वय, पाठ ताठ, हातात झाडू. एकदा आम्ही बाटली झाकण न काढता टाकली, तर पिशवी परत दारात आणून ठेवली होती, वर वाकून नमस्कार. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे की त्यांचं!" लगेच लिंबाचं लोणचं घेऊन गेल्या. तिकडून तांदळाच्या कोंड्यात मुरवलेल्या काकड्या आल्या. भाषेचा एक शब्द समान नाही, पण अर्धा अर्धा तास दारात उभ्या. सासूबाई मराठीत बोलायच्या, त्या जपानीत, आणि सासूबाई त्यांना 'आजी-सान' म्हणायच्या. काय बोलता हो, विचारलं तर म्हणायच्या, "गुडघे."

इकडे दिवस संपत आले होते. इथे चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन बाळाचा जन्म नोंदवायचा असतो, नावासकट. शेवटचा दिवस उद्यावर आला. नवऱ्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. फोनमध्ये नावांची यादी घेऊन तो माझ्या मागे मागे फिरत होता आणि मी दुपटी घडी करत होते. घडी केलेली दुपटी पुन्हा उलगडून घडी करत होते.

"यातल्या कुठल्याही नावावर बोट ठेव," तो म्हणाला.

"तूच ठेव."

"मी ठेवतो. हाक तू मारणार आहेस का?"

मी आणखी एक दुपटं उलगडलं.

त्याच दुपारी ताईंनी बाळ बघायला व्हिडिओवर फोन केला. बाळ बघून झालं, त्याच्या कानांचं कौतुक झालं, आणि मग आलाच प्रश्न. नाव काय? मी म्हटलं, अजून ठेवलं नाही. पडद्यावर ताई कॅमेऱ्याजवळ सरकल्या. मग जी तोफ डागलीय! "मी पाय तुटेस्तोवर डोंगर चढून ज्या बायकांना सांगते, त्यातली एक माझ्याच संगणकात बसलीये का? त्या बिचाऱ्यांना निदान भाषण तरी करता येत नव्हतं!" मला हसूही आलं आणि रडूही. ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी त्या बायकांना कधी रागावत नाही बरं. फक्त तुला रागावले. त्यांची भीती मला माहीत आहे."

सासूबाई तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकत होत्या. इंग्रजी कळत नाही त्यांना, पण सुनेचा चेहरा कळतो. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "याला उकिरड्यावर ठेवू या."

मी बाळाला उचलून छातीशी धरलं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्याकडे आधीची मुलं दगावली असली, की पुढच्या मुलाला उकिरड्यावर ठेवायचे. कोणी परक्या बाईने ते 'सापडलं' म्हणून उचलायचं आणि आईने सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. म्हणजे मूल आपलं नव्हेच, टाकलेलं, कवडीमोलाचं. त्याला कोण कशाला न्यायला येतंय? धोंडू, दगडू, केरू, कचरू, कोंडू ही नावं काय आईबापांनी हौसेने ठेवली होती? त्या प्रत्येक नावामागे आधीची गेलेली भावंडं उभी असत. माझ्या नवऱ्याआधी सासूबाईंची दोन गेली होती. तोही उकिरड्यावर ठेवलेला मुलगा. वरच्यातलंच एक त्याचं घरातलं नाव आहे. कुठलं ते लिहिलं तर तो मला घराबाहेर काढेल.

"आई, अहो काहीतरीच काय! तान्हं बाळ, उघड्यावर, कचऱ्यात? मी याच्यावरच काम करते हो. मुलं जगतात ती लसीने, स्वच्छतेने..."

"मग लस दे की! मी कुठं नको म्हणाले? लस पण दे आणि हे पण कर. दोन्हीत भांडण आहे का काही?"

सगळ्या परिषदांमध्ये मिळून इतकं सरळ वाक्य मी ऐकलेलं नाही.

नवऱ्याने मात्र संधी साधली. "आई, पण ठेवायचं कुठल्या वारी? जळणाऱ्या कचऱ्याला की प्लॅस्टिकला?"

"तोंड सांभाळ मेल्या! उद्या ट्रक येऊन गेला की. जागा धुऊन घेते मी."

"आणि उचलणार कोण?"

"त्याची काळजी तू करू नको. तू कोंडा आण."

नवरा निमूटपणे सुपरमार्केटात गेला आणि लोणच्यासाठी मिळतं ते तांदळाच्या कोंड्याचं पाकीट घेऊन आला. मी हो का म्हटलं? खरं सांगू, मला वाटलं, होऊन जाऊ दे. नाव ठेवण्यापेक्षा हे सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक गेला. आमचा कचऱ्याचा कोपरा म्हणजे इमारतीच्या कडेला सिमेंटचा एक चौकोन, आणि कावळ्यांसाठी एक निळी जाळी. सासूबाईंनी तो चौकोन आधी पाण्याने, मग साबणाने, मग पुन्हा पाण्याने घासला. आमच्या ओट्यापेक्षा स्वच्छ झाला. वर घोंगडी, घोंगडीवर माझी जुनी साडी, आणि साडीवर टोपडं घातलेले छोटे साहेब. उन्हं कोवळी होती. ऑफिसच्या कपड्यांतला नवरा हातात कोंडा भरलेली बांबूची चाळण घेऊन उभा, कारण सूप काही मिळालं नव्हतं. मी दोन पावलांवर. बाळ मुठी चोळत आभाळाकडे बघत होतं, आणि माझा जीव टांगणीला.

आणि कोपऱ्यावरून झाडू घेतलेल्या शेजारच्या आजी आल्या.

अरे देवा! कोपरा झाडायची पाळी आज त्यांची होती. पाळी आलेल्याच्या दारावर एक लाकडी पाटी लटकवलेली असते, ती त्यांच्या दारावर मी कालच बघितली होती. सासूबाईंनीही बघितली होती, हे मला त्यांच्या शांत चेहऱ्यावरून आत्ता कळलं. "म्हातारी बाई आहे," त्या मला हळूच म्हणाल्या. "तिला ठाऊक असणार. जगातल्या कुठल्या म्हातारीला हे ठाऊक नसतं?"

आजी-सान थांबल्या. कचऱ्याच्या जागेकडे बघितलं. बाळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला जपानी कळतं बरंच, पण बोलता येतं ते दूध आणि डायपर आणण्यापुरतं. मी त-त-प-प करत सांगायला लागले की आमच्या गावी जुनी पद्धत आहे, आधीचं मूल जर गेलेलं असेल, तर पुढचं असं टाकायचं, खरं नाही, खोटं, आणि मग दुसरं कोणी... मनात म्हटलं, आता या बाळाचं झाकणही वेगळं काढायला सांगणार.

आजींनी झाडू भिंतीला टेकवला. म्हणाल्या, "माझ्या मोठ्या भावाला असंच टाकलं होतं. आमचं गाव सेंदाईच्याही पलीकडे. त्याच्या आधीची दोन राहिली नव्हती. शेजारणीने उचलला. नव्वदीपर्यंत जगला तो, फार हट्टी होता."

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हणाल्या? ठाऊक आहे ना?"

आजी वाकल्या. ताठ पाठीची बाई, पण एका हाताने मान, एका हाताने बूड, असं अलगद उचललं की नर्स काय उचलेल. आणि एकदम आवाज चढवून, जणू पूर्ण गल्लीला ऐकू जावं असं म्हणाल्या, "अरे वा! किती छान मूल सापडलं मला! कोणाचं आहे हे?"

"आमचं," नवरा म्हणाला आणि कोंडा पुढे केला.

आजींनी कोंड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. "असं कसं? स्टेशनवर हरवलेली छत्री परत मागायची तरी खूण सांगावी लागते. याचं नाव काय?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"आईला नाव माहीत नाही?" आजी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर थट्टा होती, पण डोळे थट्टा करत नव्हते. "मग मी ठेवून घेते. मला एकटीला घर मोठं होतं."

आणि त्या वळल्या. खरंच वळल्या, बाळासकट, आपल्या दाराकडे चालायला लागल्या. बाळाने तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं.

मी सगळ्यांना सांगत होते की नाव सुचत नाही. साफ खोटं. नाव कधीचं ठरलं होतं, तो पोटात होता तेव्हाच. फक्त मी ते ओठांवर येऊ देत नव्हते. ते आता बाहेर पडलं. म्हणजे ओरडलेच मी. समोरच्या सायकलवाल्याने ब्रेक मारला.

आजी वळल्या. "काय?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांना उच्चार जमेना. मधलं अक्षर गिळलं. मी म्हटलं, असं नाही, असं. पुन्हा चुकलं. मी पुन्हा सांगितलं. मग हसत, नाक ओढत, मी ते नाव किती वेळा म्हटलं कोण जाणे, आणि कोणीही कुठूनही आलं नाही.

आजींनी बाळ माझ्या हातात दिलं, कोंडा घेतला, हुंगून बघितला, बरा आहे म्हणाल्या. आणि सहज विचारलं, "पहिलाच?"

हा प्रश्न मला नर्सने विचारला होता, औषधाच्या दुकानात विचारला होता, लिफ्टमध्ये विचारला होता. दर वेळी मी मान हलवून मोकळी होत असे. सोपं पडतं. आजही मान हलायलाच लागली होती.

"नाही," मी म्हटलं. "याला मोठी बहीण होती."

"तिचं नाव?"

मी सांगितलं. आजींनी ते नाव एकदा म्हटलं, सावकाश, आणि पहिल्याच झटक्यात त्यांना ते अगदी बरोबर जमलं.

सासूबाईंना जपानी येत नाही. आमच्या एवढ्या सगळ्या बोलण्यातले त्यांना दोनच शब्द कळले होते. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि माझा दंड घट्ट धरला. म्हणाल्या, "पुन्हा एकदा म्हणायला सांग गं त्यांना."

आजींनी पुन्हा म्हटलं. दोन्ही नावं, एकापाठोपाठ एक. मोठ्या बहिणीचं आधी.